न हलणारं टेबल

गेले चार शनिवार-रविवार माझ्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता. बायकोच्या मते तो अजूनही येतो, पण ते असो. निमित्त होतं एका टेबलाचं. टेबल म्हणजे चार पाय आणि वर एक फळी, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय, असं मलाही महिन्यापूर्वी वाटलं असतं. पण हे टेबल साधं नव्हतं. ते होतं बंदुकीची काडतुसं घरच्या घरी पुन्हा भरण्यासाठी.

घाबरू नका. मी सध्या ओहायोमध्ये राहतो आणि इथे हा पुष्कळ लोकांचा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा. इथे मात्र स्वतःच्या वापरापुरतं करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तरच लागतो. टेबल माझ्यासाठी नव्हतंच म्हणा. ते होतं शेजारच्या आजोबांसाठी. आमची लेक त्यांना पहिल्या दिवसापासून 'आजोबा' म्हणते, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. (ते अर्थातच इंग्रजीत बोलतात, मराठी माझं.)

आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर एका कारखान्यात डाय बनवायचं काम केलं. आता दोन्ही गुडघे गेलेत. दर गुरुवारी क्लबात जाऊन कागदी चकत्यांवर नेम धरतात आणि भोकं मोजून घरी येतात. शिकारही करत नाहीत. "हरणाला माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही," म्हणतात.

आता ज्यांना या प्रकाराची अजिबात कल्पना नाही (म्हणजे महिन्यापूर्वीचा मी), त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसाचे चार भाग. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा इवलासा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पितळी पुंगळी मात्र शिल्लक राहते, आणि चौघांत महाग तीच. मग ती फेकायची कशाला? पुंगळी दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. झालं काडतूस तयार. २०२० ते २०२२ च्या टंचाईत इथल्या दुकानांची फडताळं रिकामी होती, तेव्हा बऱ्याच लोकांना या छंदाची नव्याने आठवण झाली. तेव्हा प्रायमरही मिळेनासे झाले ते वेगळं.

हे सगळं होतं एका प्रेसवर. आजोबांचा प्रेस हिरव्या रंगाचा, ओतीव लोखंडाचा, आरसीबीएस कंपनीचा. ही कंपनी १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी सुरू केली. या प्रेसमध्ये बसणाऱ्या डायचे आटे आजही बहुतेक कंपन्या एकाच मापाचे ठेवतात, पाऊण इंचाहून थोडे जास्त, नेमके सात अष्टमांश इंच आणि इंचाला चौदा आटे. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा डाय काल घेतलेल्या प्रेसमध्ये बसतो. दर दोन वर्षांनी फ्रेमवर्क बदलणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर जरा विचार करावा :)

तर मुद्दा टेबलाचा.

जानेवारीत एकदा बर्फ काढायला मदत करून त्यांच्या गॅरेजमध्ये कॉफी पीत उभा होतो. कोपऱ्यात जुनं लाकडी टेबल, त्यावर प्रेस आणि प्रेसवर टॉवेल टाकलेला. टॉवेलवर धूळ. सहज विचारलं, हल्ली करत नाही का? आजोबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आठ महिने झाले. भीती वाटते."

गोष्ट अशी होती. मे महिन्यात ते पॉइंट थ्री-एट स्पेशलची पन्नास काडतुसं भरत होते. हे काडतूस १८९० च्या दशकाच्या अखेरीस निघालं, काळ्या दारूच्या जमान्यात. काळी दारू खूप लागायची म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची धूररहित दारू त्या मानाने चिमूटभर पुरते. म्हणजे पुंगळी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गरजेची आणि दारू आजची. आमच्या भाषेत लेगसी सिस्टिम. यात धोका असा की चुकून दोनदा दारू पडली तरी ती पुंगळीत सहज मावते, बाहेर सांडत नाही, आणि वर गोळी बसवली की बाहेरून काही कळत नाही. याला म्हणतात डबल चार्ज. असं काडतूस उडवलं तर रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं.

त्या दिवशी मध्येच फोन वाजला. आजोबा उठताना गुडघ्यामुळे टेबलाचा आधार घेऊन उठले. टेबल हललं, दोन-चार पुंगळ्या ठोकळ्यात कलंडल्या. फोन झाल्यावर त्यांनी त्या सरळ केल्या आणि काम पुढे चालू केलं. पन्नास पूर्ण झाली. डबी बंद केली. रात्री झोपच येईना. कलंडलेल्या पुंगळ्या भरलेल्या होत्या की रिकाम्या? सकाळी उठून त्यांनी पन्नासच्या पन्नास काडतुसं उघडली. त्यासाठी एक हातोडीसारखं हत्यार असतं, त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते. एकेकातली दारू मोजली. एकेचाळिसाव्यात दुप्पट निघाली.

"मी आयुष्यभर हजारव्या भागाच्या इंचात काम केलं," आजोबा म्हणाले, "आणि मला आठवेना की मी काय केलं होतं."

मी त्यांना म्हटलं, तुमच्या टेबलाची चूक आहे. खरं तर मला बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोललो. ते म्हणाले, "मग चांगलं करून दे." झालं! सापडलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या मुलीच्या शाळेत बंदूकवाला आला तर कुठे लपायचं याची ड्रिल होते. आणि तू काडतुसांचं टेबल करणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं की ते काडतुसं भरायचं सोडणार असतील तर स्वतःच्या मनाने सोडू देत, टेबल हलतं म्हणून नको. तिला ते फारसं पटलं नाही. शिवाय ती म्हणाली, "आणि तुझा एच-वन?" हा मुद्दा मात्र चोख होता. आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना इथे काही मोजके अपवाद सोडले तर बंदूक आणि काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभं राहून एका काडतुसापायी सगळं घालवायचं? आजोबांना स्पष्ट सांगितलं, मी लाकडाला हात लावीन, काडतुसाला नाही. ते म्हणाले, मंजूर.

मग मी अस्सल इंजिनिअरसारखा कामाला लागलो, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसलो. स्प्रेडशीटमध्ये प्रेसचं वजन, गोळ्यांच्या डब्यांचं वजन, सगळी बेरीज. पाय किती जाड, फळी किती जाड. रविवारी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना चित्र दाखवलं. बाबांनी शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढलीत. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लेका, तू टेबलावर काय ठेवणार ते सांगतोयस. टेबलाला काय करणार ते सांग की."

म्हणजे?

"हादरा कुठनं येतोय आणि जमिनीत कुठनं जातोय, ते बघ आधी. आपल्या गल्लीतला हातपंप आठवतोय का?"

आठवला! त्या पंपाचा खालचा सिमेंटचा ओटा फुटला होता. दांडा खाली दाबला की पाणी येण्याऐवजी अख्खा पंपच डुलायचा. अर्धी ताकद पंप हलवण्यात जायची. रिलोडिंगचा प्रेस अगदी तसाच. दांडा खाली दाबला की आतला दट्ट्या वर जातो आणि पुंगळी डायमध्ये घुसते. दांडा आपल्या बाजूला पुढे आलेला असतो, त्यामुळे दाबताना अख्खा प्रेस आपल्याकडे झुकायला बघतो. टेबलाची पुढची कड खाली दबते आणि प्रेसचे मागचे बोल्ट फळीतून वर उपसले जातात. दांडा वर उचलताना उलटं. आजोबांच्या दुसऱ्या रायफलच्या काडतुसाची, म्हणजे १९०६ सालच्या थर्टी-ऑट-सिक्सची, पुंगळी लांब असते. ती डायमधून बाहेर ओढताना इतकी धरून बसते की हलकं टेबल चक्क जमिनीवरून उचललं जातं.

मग मी जुन्या टेबलाची परीक्षा घेतली. उपकरण? प्रत्येक देशी घरात असतो तो बॅगा मोजायचा आकड्याचा काटा, भारतात जाताना तेवीस किलोला रडवणारा. तो टेबलाच्या कडेला अडकवून आडवा ओढला. दहा किलोला फळी अर्धा इंच सरकली. वजन मात्र त्या टेबलाने दोन माणसांचंही पेललं असतं. आजोबांना मजबूत टेबल हवंच होतं, पण माझ्या स्प्रेडशीटमधली मजबुती उभ्या वजनाची होती आणि त्यांचा त्रास आडव्या धक्क्याचा.

आता डिझाइन. ज्यांना फक्त गोष्टीत रस आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद ओलांडले तरी चालेल, पण वाचलेत तर मला बरं वाटेल.

पहिलं, फळी. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. पण दोन प्लाय नुसते एकावर एक ठेवले तर आठपट मिळत नाही, दुप्पटच मिळतो. पत्त्यांचा कॅट वाकवून बघा. तो सहज वाकतो, कारण पत्ते एकमेकांवरून घसरतात. तेच पत्ते चिकटवले तर लाकडाचा तुकडा होईल. म्हणून पाऊण इंची दोन प्लाय सगळीकडे सरस लावून चिकटवले, सुकेपर्यंत क्लॅम्प आणि स्क्रूंनी आवळून ठेवले. वर पातळ हार्डबोर्ड नुसता स्क्रूने बसवला, म्हणजे खराब झाला की बदलता येईल. कडेला अर्धा इंच उंच पट्टी, प्रायमर गडगडत खाली पडू नये म्हणून.

दुसरं, पाय. इथे चार बाय चार म्हणून जे लाकूड मिळतं ते प्रत्यक्षात साडेतीन बाय साडेतीन इंच भरतं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला कापून झाल्यावर कळतं. (मला कळलं.) पुढचे पाय फळीच्या कडेशी सपाट आणले. फळी पायांच्या पुढे आली की ती तरफ होते आणि टेबल उलटवायला मदत करते. प्रेस बसवला बरोबर डाव्या पुढच्या पायाच्या लगत, म्हणजे धक्का फळीच्या मध्ये न जाता पायातून जमिनीत उतरेल. बोल्टखाली छोटे वॉशर न लावता लोखंडाची अख्खी पट्टी लावली, मागचे बोल्ट लाकडात रुतू नयेत म्हणून.

तिसरं, तिरक्या पट्ट्या. चौकोन कितीही जाड लाकडाचा केला तरी कोपऱ्यात डुलतो. त्रिकोण डुलत नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या दिल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबल भिंतीला जखडलं. इथली घरं लाकडाच्या सांगाड्याची, भिंतीत बहुधा दर सोळा इंचांवर उभा दांडा असतो. तो शोधून त्यात जाड स्क्रू आवळले. आता टेबल हलवायचं तर घर हलवायला लागेल.

चौथं, उंची. पुस्तकी उंची न घेता आजोबांना स्टुलावर बसवलं आणि कोपर मोजलं. पाय आधी मुद्दाम लांब ठेवले आणि दोन इंच कापले. आता उठावं लागत नाही. आणि उठायचंच झालं तर टेबलाच्या बाजूला भिंतीत वेगळा दांडा बसवलाय, न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसांसाठी बसवतात तसा.

दारू मोजायचं यंत्र मात्र या टेबलावर नाही. हादऱ्याने दारूचे दाणे दबून बसतात आणि त्याच मापात कमी-जास्त वजन येतं. ते यंत्र भिंतीवरच्या स्वतंत्र फळीवर आहे. शेजारी डोळ्यांच्या पातळीला तराजू. इथे दारू ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७००० ग्रेन. हे माप वाचून मला आपला तोळा आठवला. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. आजोबांचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. आपल्या सोनारानेही मान डोलवावी.

दारूचा साठा तर लांबच्या लाकडी कपाटात, मूळ डब्यांमध्ये. मला वाटलं होतं की दारू पोलादी तिजोरीत ठेवत असतील. उलटंच निघालं! ही दारू मोकळी पेटली तर भडाभडा जळते, पण घट्ट कोंडली असेल तर दाब साठून स्फोट होतो. म्हणून कपाट असं हवं की दाब आला की चटकन उघडेल. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या नियमावलीत घरात वीस पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यात ठेवायला मुभा आहे, आणि त्यापुढे पन्नास पौंडांपर्यंत इंचभर जाड लाकडाच्या पेटीत. आजोबांकडे आहेत जेमतेम तीन. टेबलावर एका वेळी एकच डबा. दोन डबे म्हणजे कधीतरी अदलाबदल.

एवढं सगळं करूनही माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. समजा टेबल हललं नाही. फोन तर पुन्हा वाजेलच ना?

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. डिसेंबरमध्ये ऑफिसात मी स्वतः डबल चार्ज केला होता. अगदी शब्दशः. महिनाअखेरची पैसे वळते करायची स्क्रिप्ट चालवत होतो, मध्येच फोन आला, परत आलो तर स्क्रीनवर काहीच नाही. वाटलं, चालवायची राहिली. पुन्हा चालवली. ३१२ ग्राहकांच्या कार्डावरून दोनदा पैसे गेले. दोन दिवस परतावे आणि माफीच्या मेल. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, पुढच्या वेळी काळजी घेईन." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

हे मी आजोबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "काळजी तर मी पण घेत होतो."

मग आम्ही दोघांनी बसून शेवटचा भाग केला, जो टेबलाच्या चित्रात नव्हताच. पन्नास भोकांचे दोन लाकडी ठोकळे. डाव्या ठोकळ्यात पुंगळ्या उपड्या, तोंड खाली. उपडी म्हणजे रिकामी. एक उचलायची, सुलटी करायची, दारू घालायची, आणि लगेच उजव्या ठोकळ्यात. उपड्या पुंगळीत दारू असूच शकत नाही. मध्येच फोन वाजू दे, गुडघा दुखू दे, विसरायला होऊ दे. ठोकळे बघितले की कळतं कुठे होतो. कलंडलेली असेल तर ओतून टाकायची, आठवायचा प्रयत्न करायचा नाही. पन्नास झाल्या की बॅटरी मारून सगळ्यांत डोकावून बघायचं, पातळी सारखी आहे का. मगच गोळी बसवायची. वर एक लखलखीत दिवा लावलाय. आणि फोन स्वयंपाकघरात.

आजोबांना यातलं बरंचसं आधीपासून माहीत होतं. तरुणपणी असंच करायचे. पुढे हात बसला तसं एकेक सुटत गेलं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी टॉवेल काढला. मी दारात, खिशात हात घालून उभा. आजोबांनी दांडा दाबला. थांबले. पुन्हा दाबला. "आता कळतंय," म्हणाले. काय? तर पुंगळी डायमध्ये कुठे अडते, प्रायमर खाच संपून बुडाला कधी टेकतो, हे तळहाताला कळतंय. जुन्या टेबलात ते सगळं डुलण्यात हरवत होतं. मी पुन्हा बॅगेचा काटा लावून वीस किलोने ओढून बघितलं. पत्त्याच्या जाडीइतकंसुद्धा हललं नाही. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "गुण्या लावून बघितलास का?" कौतुकाची कोल्हापुरी पद्धत.

पन्नास व्हायला दोन तास लागले. पूर्वी एक लागायचा. बॅटरीने बघताना सतराव्या पुंगळीशी आजोबा बराच वेळ थांबले, ती काढून तराजूवर ओतली. बरोबर होती. तरीही मी त्या अर्ध्या मिनिटात श्वास घेतला नव्हता.

बायको त्या गॅरेजमध्ये येत नाही. लेकीलाही मनाई आहे, आणि त्याला शिसं हे पुरेसं कारण आहे. तिथे खायचं नाही, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, हात धुतल्याशिवाय बाहेर यायचं नाही. पण बायकोने त्या दिवशी पोहे पाठवले होते. आम्ही ते हात धुऊन बाहेर पायरीवर बसून खाल्ले.

ऑफिसात मी ती स्क्रिप्ट बदलली. आता प्रत्येक ग्राहकाची नोंद आधी 'उपडी' असते, पैसे गेले की 'सुलटी' होते, आणि सुलटीला स्क्रिप्ट हात लावत नाही. कोडमध्ये नावं खरंच तीच दिलीत. टीममधला एकजण विचारत होता 'उपडी' म्हणजे काय. सांगितलं, लांबलचक गोष्ट आहे.

पोहे खाताना आजोबांनी एक गोष्ट ठरवून टाकली. म्हणाले, "बॅटरी मारताना ज्या दिवशी पुन्हा एकात दुप्पट दिसेल, त्या दिवशी मी थांबणार. मग हे टेबल तू घेऊन जा, सुतारकामाला."

मी हो म्हटलं. टेबल झकास झालंय आणि माझ्याकडे धड टेबल नाही हे खरं आहे. पण भिंतीत आवळलेले ते स्क्रू मला लवकर काढावे लागू नयेत.